न दिसणारा सांधा

‘आपले नाव परवानगीच्या यादीत नाही. या प्रसंगाची नोंद घेण्यात आली आहे.’

वृषाली मगदूमनं पडद्यावरचं हे वाक्य वाचलं आणि तिचं डोकंच फिरलं. "नोंद घेण्यात आली आहे म्हणजे? कुणी घेतली? माझ्याच कानात शिरायला मलाच परवानगी नाही, आणि वर माझीच चहाडी?"

टेबलापलीकडे बसलेली बिल्किस मोमीन हसली. इचलकरंजीत कर्णसेतूची दुरुस्ती करणारं एकच दुकान होतं आणि बिल्किस तिथली इंजिनिअर. संगणकापासून सोडवलेली वृषालीच्या कानाची डबी तिच्यासमोर उघडी पडली होती.

"ती नोंद कोण वाचतंय, वहिनी? मी तर आजवर कुणाची वाचली नाही."

"मग भीती कशाला घालता माणसाला?"

हा कर्णसेतू काय प्रकार आहे, ते आधी सांगायला हवं. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या या गावात पन्नाशीच्या आत कान जाणं नवलाचं नव्हतं. वृषालीचे तर चाळिशीतच गेले. अगदी ठार. काही वर्षं तशीच काढल्यावर तिला कर्णसेतू बसवला. कानाच्या आतल्या शंखात केसाएवढी तार, आणि खिशात साबणाच्या वडीएवढी डबी. डबी भोवतालचे सगळे आवाज गोळा करते, तांदूळ निवडावेत तसे वेगळे करते, कुकरची शिट्टी बाजूला, माणसाचं बोलणं बाजूला, आणि हवं तेवढंच तारेतून मेंदूकडे धाडते. प्रत्येकाच्या आवाजाची ठेवण निराळी असते. घशाची लांबी, टाळूचा उंचवटा, दातांतली फट, सगळ्याचा ठसा त्यात उतरतो. हा ठसा एकदा डबीला दिला की शंभर माणसांच्या गलक्यातूनही ती त्या एका माणसाला ओळखते. आणि ओळखता येतं म्हटल्यावर वगळताही येतं.

डबीच्या पोटात असतो एक साधा संगणक. गेल्या शतकातल्या एका जुन्या प्रणालीच्या कुळातला. त्या कुळाची रीत अशी, की यंत्र वापरणारे सगळे भाडेकरू. मालक एकच, त्याला म्हणायचं रूट, म्हणजे मूळ. भिंत पाडायची तर ती मालकानंच. कर्णसेतूचा आवाज बेताल वाढवला तर उरलीसुरली नसही जळते, म्हणून कायद्यानं डबी वापरणाऱ्याला रूट होता येत नाही. घरातल्या एकाला कानाचा पालक नेमतात आणि मालकीचा पासवर्ड तो ठरवतो.

"तुम्ही काय केलंत सांगू?" बिल्किस म्हणाली. "स्वतःचा पासवर्ड टाकून मालकाचं काम करायला गेलात. तसं चालतं, पण त्याला यादीत नाव लागतं. ते नसेल तर सरळ मालक म्हणूनच आत शिरायचं. मग पासवर्ड मालकाचा लागतो."

"तो आमच्या मालकांना ठाऊक."

"मग विचारा की त्यांना! घरीच तर आहेत."

घरीच होते, पण विचारायचं तोंड कुठं होतं तिला?

तिचा नवरा श्रेणिक हाच तिच्या कानाचा पालक. सूतगिरणीच्या संगणक विभागात त्याची उभी नोकरी झालेली. वृषालीला ऐकू येत नव्हतं त्या वर्षांत तोच तिचा कान होता आणि तोच तिचं तोंड. लोक काय म्हणाले ते तो तिला आपल्या शब्दांत सांगायचा, आणि तिला काय म्हणायचंय ते लोकांना. सवयच लागली त्याला. कर्णसेतू बसला, तिला चिमणीसुद्धा ऐकू यायला लागली, तरी गड्याचं चालूच. डॉक्टरांनी तिला विचारावं, उत्तर यानं द्यावं. वृषाली एका छापखान्यात अक्षरजुळणी करायची. तिथल्या एका बाईंच्या निरोप समारंभात तिला चार शब्द बोलायला उभं केलं, तर हा खालूनच म्हणाला, "वृषाच्या मनात काय आहे ते मी सांगतो." लोक हसले. वृषाली खाली बसली ती घरी येईपर्यंत बोलली नाही. घरी आल्यावर मात्र बोलली. "तुमचा आवाजच नको मला. एवढे सायास करून कान मिळवले, ते तुम्हाला ऐकायला नाही."

श्रेणिक मानी माणूस. त्यानं निमूट डबी घेतली, पुढच्या खोलीत बसला, आपल्या आवाजाचा ठसा दिला आणि स्वतःलाच तिच्या कानातून पुसून टाकलं.

पहिले काही दिवस तिला फार मोकळं वाटलं. खोटं कशाला बोला? घर कसं हलकं झालं. मग हळूहळू त्या शांततेचा भार व्हायला लागला. तो मोरीपाशी दात घासताना काहीतरी बोलायचा, पाठमोरा. खांदे हलायचे. शेजारीण बोललेली ऐकू यायची, भाजीवाला ऐकू यायचा, हा तेवढा नाही. समोर आला तरी ओठांवरून कळावं तर मिशी आडवी, बांधावरच्या गवतासारखी. उघडा म्हणायचं रोज तिच्या जिभेवर यायचं. पण आपण बंद करायला लावलं, आता आपणच कसं म्हणायचं? त्यानंच विचारावं, अशी तिची वाट. आणि तिनंच विचारावं, अशी त्याची. दोन दिवाळ्या अशाच गेल्या.

मग एका सकाळी स्वयंपाकघरात कुणीतरी परका माणूस म्हणाला, "साखर संपली काय गं?" वृषालीच्या हातातून पळी पडली. घोगरा, फाटका आवाज. वळून बघते तर श्रेणिक. त्याचा आवाज आतून इतका बदलला होता, की डबीच्या गाळणीनं त्याला ओळखलंच नाही आणि आत सोडला. घशात काहीतरी बिघडलंय, हे त्याच्याही आधी तिच्या कानाला कळलं. ती त्याला धरूनच डॉक्टरांकडे घेऊन गेली. गाठ होती. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. आता गळ्याला भोक होतं, त्यावर सुती रुमाल, आणि हातात लिहायची पाटी.

बोलकं यंत्र मिळणार होतं त्याला. टाइप करायचं, ते बोलणार. कुणाच्या आवाजात, एवढाच प्रश्न. स्वतःचा हवा तर निरोगी असतानाचा, जवळून घेतलेला, सगळ्या अक्षरांचा स्वच्छ नमुना लागतो. लग्नाच्या चित्रफितीत बँडच जास्त वाजत होता. फोनमध्ये तो सापडे तो सगळ्यांच्या मागे उभा राहून ‘इकडं बघा’ म्हणणारा. तसा स्वच्छ नमुना जगात एकाच जागी होता. वृषालीच्या डबीत, त्याला पुसण्यासाठी त्यानं दिलेला ठसा. आणि तो कप्पा फक्त रूटला उघडणारा.

"मी डबी कोरी करून देऊ शकते," बिल्किस म्हणाली. "पण मग नमुनाही गेला. पासवर्ड आम्हालासुद्धा कळत नाही, वहिनी. डबी तो साठवतच नाही. दळून त्याचं पीठ ठेवते. तुम्ही पुन्हा टाकलात की तोही दळते आणि पिठाला पीठ जुळवून बघते. पिठाचे गहू कसे करणार?"

वृषालीनं डबी बंद करून खिशात टाकली आणि घरी निघाली.

श्रेणिक लसूण सोलत बसला होता. शेजारी बोलक्या यंत्राची पुस्तिका आणि फोन. तिला बघताच त्यानं फोनवर एक आवाज लावला. भारदस्त, बातम्या देणारा. मग दुसरा, तरणा. पाटीवर लिहिलं, ‘कुठला आवडतो तुला?’

"एकही नाही."

‘नीट ऐक. हा शांत आहे. डोकं नाही उठणार तुझं.’

हा माणूस तिला सोसवेल असा आवाज निवडत बसला होता. "अहो," ती म्हणाली, "डबीचा पासवर्ड सांगा."

त्याचा हात थांबला. ‘कशाला?’

"तुमचा आवाज आहे आत."

‘तुला नको होता तो.’

"तेव्हा नव्हता नको. म्हणजे होता. तेव्हा होता, आता पाहिजे." ती खाली बसली, त्याच्यासमोर. "मला तुमचा आवाज पाहिजे हो. रोज पाहिजे होता. सांगायची लाज वाटत होती, बस."

श्रेणिकनं लसणाच्या साली बाजूला सारल्या. मग त्यानं पाटी पुसली, लिहिलं आणि तिच्याकडे न बघताच पुढे केली. ‘घाऱ्या डोळ्यांची मगदूमीण.’

लग्नाच्या पहिल्या वर्षी तो तिला असं चिडवायचा. त्यानंतर नाही. ज्या दिवशी ती त्याला ‘तुमचा आवाजच नको’ म्हणाली, त्याच दिवशी यानं जुना पासवर्ड बदलून हे शब्द घातले होते. तिचे डोळे भरून आले, आणि ते घारे डोळे लपवायला ती डबी जोडायच्या कामाला लागली.

डबी संगणकाला जोडली की कान बंद पडतो. त्या मिट्ट शांततेत श्रेणिकनं पासवर्ड टाइप केला. टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. ही त्या कुळाची आणखी एक खोड. एंटर. ‘अनुमती नाकारली.’ पुन्हा टाकला, एकेक अक्षर दाबत. नाकारली. मग तो सूतगिरणीतल्या जुन्या रुबाबात खुर्चीत नीट बसला. कळफलक इंग्रजीवर राहिलाय का, ते बघितलं. नव्हता. कोऱ्या पानावर तेच शब्द लिहून पाहिले. ‘घाऱ्या डोळ्यांची मगदूमीण’, काना-मात्रेसह बरोबर. तेच बोट त्याच कळांवर पुन्हा चालवलं. नाकारली. आणि खाली एक नवी ओळ आली, की यापुढे एकदा जरी चूक झाली तर सुरक्षेसाठी डबी स्वतःला कोरी करून घेईल.

वृषालीनं डबी ओढून काढली. कान परत आला, पंख्याची घरघर आली.

"मुद्दाम करताय ना तुम्ही?"

श्रेणिकनं वर बघितलं.

"मुद्दाम चुकीचं टाकताय! तुम्हाला द्यायचाच नाही तो आवाज. तेव्हा मी नको म्हटलं ना, त्याचं उट्टं काढताय."

त्यानं पाटी उचलली, पण काही लिहिलं नाही. ओठ हलले. ऑपरेशनसाठी मिशी उतरवली होती, त्यामुळे पहिल्यांदाच तिला ते स्पष्ट दिसले. "नाही गं," असं म्हणाला तो. बस, तेवढंच. मग उठून आत गेला आणि लसूण तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात तिचं लक्ष लागेना. कुठल्याशा कापड दुकानाची जाहिरातपुस्तिका होती. मालकाचा फोन आला, की ‘कोऱ्या साड्या’ असं जिथं जिथं आहे तिथं ‘नव्या साड्या’ करा. तिनं शोधा-बदला चालवलं. निम्मे बदलले, निम्मे तसेच. डोळ्यांसमोर ‘कोऱ्या’ दिसतंय आणि यंत्र म्हणतंय सापडत नाही.

"हे आणि एक झेंगट!" ती करवादली. झेंगट जुनंच होतं. मराठी अक्षरं जुळवणारा प्रत्येकजण त्याला शिव्या घालतो. पुस्तिकेचा अर्धा मजकूर जुन्या यंत्रावरचा, अर्धा नव्या. आणि हा ऱ्य, हा डोळ्याच्या पापणीसारखा वाकडा अर्धा र, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा अशी, की खाली टिंब असलेला ऱ हे वेगळंच अक्षर घ्यायचं आणि त्याचा पाय मोडायचा. दुसरी जुनी, की साधा र घ्यायचा, पाय मोडायचा आणि मध्ये एक न दिसणारा सांधा घालायचा. कागदावर दोन्ही हुबेहूब. पण यंत्राला अक्षरं दिसत नाहीत, त्याला आकडे दिसतात, आणि दोन्हींचे आकडे वेगळे. आणि आकडे वेगळे तर...

वृषाली जागच्या जागी उभी राहिली.

"पीठ वेगळं," ती मोठ्यांदा म्हणाली. छापखान्यातले सगळे बघायला लागले. "अहो, पीठ वेगळं! घाऱ्या! घाऱ्यातला ऱ्य!"

श्रेणिकनं पासवर्ड घातला तेव्हा घरच्या संगणकावर जुना कळफलक होता. मागच्या वर्षी सगळी प्रणाली बदलली, तेव्हा नवा आला. तो नव्या तऱ्हेचा ऱ्य काढतो. बिचारा बरोबरच टाइप करत होता. शब्द तोच होता, हात तोच होता, एक न दिसणारा सांधा तेवढा गळून पडला होता.

तिनं बिल्किसला फोन लावला. सगळं ऐकून बिल्किस म्हणाली, "वहिनी, पटतंय मला. पण एकच संधी आहे. चुकलं तर नमुना गेला, मग माझ्या नावानं बोंब मारू नका."

"तुमच्या नावानं कशाला मारीन? मारायची तर माझ्याच नावानं मारीन."

घरी जाऊन ती श्रेणिकपुढे उभी राहिली. "चुकले मी. तुम्ही बरोबर टाकत होता. मला माफ करा आणि चला छापखान्यात. तिथल्या जुन्या यंत्रावर जुना कळफलक आहे अजून."

तो जागचा हलला नाही. पाटीवर लिहिलं, ‘आणि कोरी झाली तर?’

"तर झाली. मग त्या बातम्यावाल्याबरोबर संसार करीन. चला."

तो नुसत्या ओठांनी हसला. हसताना आधी घशातून एक खर्जातली खाकर यायची त्याची. ती आली नाही, आणि वृषालीला गलबलून आलं.

छापखान्यात लोकांची जेवायची वेळ होती. बिल्किस आली होती. गावभर उडणारी कापसाची तुसं गळ्याच्या भोकात जाऊ नयेत म्हणून श्रेणिकनं रुमाल घट्ट केला. डबी जोडली, वृषालीचा कान बंद झाला. श्रेणिकनं खुर्ची तिच्याकडे सरकवली. ‘तू टाक.’

"मी? तुमचा पासवर्ड?"

त्यानं नुसती मान हलवली.

तिनं टाइप केलं. बिल्किसच्या देखत स्वतःलाच घाऱ्या डोळ्यांची मगदूमीण म्हणायचं म्हणजे कान तापले तिचे. घ, काना, मग जुन्या बोटांनी जुना अर्धा र, य, काना. पडद्यावर काहीच नाही. काळी पाटी. आपण काय टाकलं ते आपल्यालाही दिसत नाही, ऐकूही काही येत नाही. शेवटचं अक्षर झालं आणि तिचं बोट एंटरवर थबकलं. श्रेणिकनं आपलं बोट तिच्या बोटावर ठेवलं आणि दाबलं.

ओळीच्या सुरुवातीचं भाडेकरूचं चिन्ह गेलं आणि मालकाचं चिन्ह आलं.

बिल्किस टाळ्या वाजवतेय हे तिला नुसतं दिसलं. मग भराभर कामं झाली. बिल्किसनं नमुन्याची प्रत काढून बोलक्या यंत्रासाठी ठेवली. गाळणी श्रेणिकनं आपल्या हातानं काढली, जशी घातली होती तशी. डबी सुटली, छापखाना पुन्हा बोलायला लागला.

"ऐकायचंय?" बिल्किसनं विचारलं. "सरळ तुमच्या कानात सोडते."

वृषालीनं मान डोलावली आणि डोळे मिटले.

"आजोबांनी ठाण्याहून झबलं आणि छत्री आणली. ढग गडगडले, फणस पडला..."

श्रेणिक. सगळी अक्षरं यावीत म्हणून रचलेला अर्थहीन उतारा तो सूतगिरणीच्या बैठकीत अहवाल वाचावा तसा वाचत होता. ‘फणस’वर तोच हेल, ‘आणि’च्या आधी तोच थांबा. तिला हसूही आलं आणि रडूही, दोन्ही एकदम. काय बाई हा आवाज! हा नको होता मला?

उतारा संपला. संगणकाची तार सुटल्याचा खूट्‌ असा आवाज झाला. मग डबीचा सपाट आवाज म्हणाला, "आता चाचणी. गाळणी लागू झाली आहे. कृपया नेहमीसारखे बोला."

थोडी शांतता. लांबून, बंद दाराआडून, भांडी आपटल्याचा आवाज येत होता. ती कढई होती. रागानं घासत होती ती कढई, त्या संध्याकाळी. तिला आठवलं.

"वृषा," श्रेणिकनं हाक मारली.

कढई तशीच वाजत राहिली.

"वृषा, अगं." जरा मोठ्यानं. मग थांबला. वाट बघत होता. गाळणी चालते हे पहिल्याच हाकेला कळलं होतं त्याला, चाचणी कधीच झाली होती. तरी तो हाक मारत होता.

"वृषाऽ."

"ओ," वृषाली म्हणाली.

छापखान्यात कुणीच तिला हाक मारली नव्हती. बिल्किसनं गोंधळून वर बघितलं. पण समोर बसलेल्या श्रेणिकला कळलं. त्याचा हात गळ्यावरच्या रुमालाकडे गेला. मग त्यानं पाटी ओढली आणि लिहिलं, ‘पुढं अजून आहेत.’

तिनं डोळे पुसले, खुर्ची त्याच्यासमोर ओढून घेतली आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसली. कानात पुढची हाक आली. तिनं ओ दिली. मग त्याच्या पुढची आली, तिलाही दिली.